वजाबाकी सोफ्यात नव्हती

मी एकदा बंद केलेली वस्तू आपणहून उघडत नाही. हे मी माझ्या तोंडानं सांगत नाही, गिऱ्हाइकं सांगतात. तीस वर्षं सोफे आणि खुर्च्या शिवतेय. माझ्या हातचा सोफा विटेल, पोरं नाचून नाचून त्याच्या स्प्रिंगा मोडतील, पण शिवण उसवणार नाही. पैज लावा हवी तर.

तर अशा माझ्याकडे ताईनं तिची दोन जर्बिलं चार दिवसांसाठी आणून ठेवली. जर्बिल म्हणजे उंदराच्या लांबच्या नात्यातलं, मूळचं वाळवंटातलं जनावर. मुठीत मावेल एवढं, मातकट रंगाचं, टपोरे काळे डोळे, मागचे पाय लांब आणि शेपटीच्या टोकाला झुपका. उंदीर म्हटलेलं ताईला अजिबात खपत नाही, म्हणून पहिल्याच दिवशी मी तीनदा म्हटलं.

ताई माझी थोरली बहीण. जन्मभर शाळेत गणित शिकवलं, आता निवृत्त. त्यामुळे जनावरांची नावं काय, तर बेरीज आणि वजाबाकी. बेरीज गोल गरगरीत, वजाबाकी सडसडीत. एकाच वेतातल्या, सख्ख्या बहिणी. ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, दवाखान्यात चार दिवस राहायचं होतं. ती काचेची मोठी पेटी घेऊन आली. पेटीत वीतभर भुसा, वर तारेच्या जाळीचं झाकण, झाकणाला चार चिमटे. आणि सोबत एक वही.

"चौदा नियम आहेत. वाच हं, छोटे," ती म्हणाली.

मी बावन्न वर्षांची आहे. गुडघे माझेही कुरकुरतात. पण ताईच्या लेखी मी अजून छोटीच.

"वाचते गं," म्हटलं, आणि वही कपाटावर टाकली. दोन मूठभर जिवांना सांभाळायला चौदा नियम! काय डोंबल लागतंय?

आता ताईनं माझ्याकडे काही ठेवायला देणं ही केवढी मोठी गोष्ट होती, ते सांगायला हवं. नऊ वर्षं आम्ही धड बोललो नव्हतो. लग्नकार्यात भेटलो तर "कशी आहेस", "बरी आहे", संपलं. कारण बाबांची खुर्ची. बाबा गेल्यावर त्यांची आरामखुर्ची ताईकडे गेली. काथ्या भरलेली जुनी बैठक, आणि तीत बाबांच्या बसण्यानं पडलेला खळगा. डावीकडे जरा जास्त खोल, कारण रेडिओ डावीकडे असायचा आणि बाबा तिकडे कलून बसायचे. मला वाटलं, ताईला सुखाचा धक्का देऊ. ती गावाला गेली असताना खुर्ची उचलून आणली, जुनी बैठक काढली, नवा फोम, नवं मखमल, कडेनं दोरीची गोट. अशी देखणी झाली होती म्हणता! ताई परत आली. खुर्चीकडे बघितलं आणि पांढरीफटक पडली.

"बाबांचा खळगा कुठंय?" एवढंच म्हणाली.

मखमलीबद्दल एक अक्षर नाही. माझं डोकंच फिरलं. "कचऱ्यात टाकला," म्हटलं.

टाकला नव्हता. ती बैठक कुठल्या तरी जुन्या कारागिरानं इतकी सुंदर बांधली होती की माझा हातच धजला नाही. चादरीत गुंडाळून दुकानातल्या मांडणीच्या तळाशी ठेवली होती. पण एकदा रागानं बोलून बसले. दुसऱ्या दिवशी खरं सांगणं जड गेलं, महिन्यानं त्याहून जड, आणि वर्षानं तर तोंडच उघडेना. नऊ वर्षं ते गाठोडं रेक्झिनच्या गुंडाळ्यांमागे पडून होतं. साफसफाईला मी त्या कोपऱ्याला हात लावायची नाही.

म्हणून ताई पेटी घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा मला आतून इतकं बरं वाटलं की मी तोंडावर काही दाखवलं नाही. मनात मात्र ठरवलं, या दोघींना असं ठेवीन की ताईनं तोंडात बोट घालावं.

आणि इथंच घोड्यानं पेंड खाल्ली.

पहिले दोन दिवस छान गेले. पण ती काचेची पेटी माझ्या डोळ्यांत खुपत होती. थंड, टणक, कुठं टेकायला मऊ जागा नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्यासाठी नवं घर केलं. प्लायवूडचा खोका, आतून पातळ फोम, त्यावर मखमल, समोर काचेची खिडकी, वर रेक्झिन लावलेलं झाकण, वारा यायला त्याला भोकं. झाकण चारही बाजूंनी पट्ट्यांनी आवळलं. हो, मी जर्बिलांच्या घराला गादीकाम केलं! जगात दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं.

आमचे हे दारात उभं राहून बघत होते. हे म्हणजे माझा नवरा. टेम्पो चालवतात, माझे सोफे पोचवतात, आणि जन्मात कधी आवाज चढवत नाहीत.

"अगं, ते कुरतडतात ना?" हे म्हणाले.

"माझं काम कोण कुरतडतंय!"

रात्री जेवणं झाल्यावर दोघींना दाणे घातले. दोघी मखमलीवर अंग घासत होत्या. मी समाधानानं झोपले.

चौथ्या दिवशी सकाळी साडेसातला दुकान उघडलं. दुकान म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली. मधोमध दातांच्या डॉक्टरीणबाईंचा तीन जणांचा सोफा उलटा ठेवलेला होता. आतला गोंद वाळावा म्हणून मी त्याची खालची बाजू रात्रभर उघडी ठेवली होती. माझी एक सवय आहे. सकाळी आल्यावर, चहाच्याही आधी, उघडं दिसेल ते बंद करायचं. उघडं ठेवलं की धूळ शिरते. स्टेपल गन घेतली, सोफ्याच्या तळाला काळं कापड ताणलं आणि खाडखाड खाडखाड ठोकून बसवलं. आठ वाजता ह्यांनी आणि शेजारच्या हमालानं सोफा टेम्पोत चढवला. गेला.

मग चहा घेऊन मी दुकानातल्या खोक्याकडे वळले. मागच्या कोपऱ्यात रुपयाएवढं भोक. मखमल, फोम, प्लायवूड, रेक्झिन, सगळं आरपार. भोकाशी बेरीज बसली होती आणि आपल्या देहाला पुरेल एवढं ते मोठं करायचं काम मन लावून करत होती. वजाबाकी नव्हती.

कप सांडला. आधी बेरजेला ओंजळीत धरून काचेच्या पेटीत टाकलं, चारही चिमटे लावले. मग कपाटावरची वही काढली.  वही नेमकी अकराव्या नियमावर उघडली. खाली लाल पेनानं दोन रेघा मारलेल्या होत्या. ताईच्या त्या घोटीव अक्षरात लिहिलं होतं, "दोघींना एका दिवसाहून जास्त वेगळं ठेवू नकोस. वास विसरतात. मग परत एकत्र आल्या की परकी समजून एकमेकींना चावतात, जीव जाईपर्यंत. हा नियम पाठ कर."

ताई उद्या सकाळी दहाला दवाखान्यातून सुटणार होती. वजाबाकी रात्री कधीतरी निसटली होती. म्हणजे माझ्याकडे आजचा दिवस. नाहीतर ताईला एक बहीण मेलेली मिळणार, किंवा दोघी जिवंत पण कायमच्या वेगळ्या. आणि माझ्या हातात नऊ वर्षांनी दिलेलं पहिलं काही मी असं घालवणार.

मग डोक्यात वीज चमकावी तसं झालं. सोफा! रात्रभर उघडा! आत काळोख, ऊब, कापसाचे पुंजके. जर्बिल दुसरीकडे जाईलच कशाला? आणि सकाळी ठोकून ठोकून तो बंद कुणी केला? मी! अगं बाई गं! पण त्याच क्षणी उत्तर सापडल्याचा आनंदही झाला. वही मिटली. पुढचं वाचायची गरजच काय?

हे दुपारी परत आल्या आल्या त्यांना टेम्पोतून उतरू न देता मी शेजारी बसले. "फिरवा."

दातांच्या दवाखान्यात माझा सोफा भिंतीला शोभून दिसत होता. त्यावर गाल सुजलेले एक गृहस्थ गालाला रुमाल धरून बसले होते. आतल्या खोलीतून यंत्राचा तो जीवघेणा आवाज येत होता. मी सरळ गुडघ्यावर बसले आणि सोफ्याच्या हाताला कान लावला.

ठप ठप ठप. ठप ठप ठप.

घाबरलं की जर्बिल मागचे पाय आपटतं, हे मला ताईनं सांगितलं होतं. "ऐका!" मी ह्यांना म्हटलं. "आहे! आतच आहे! जिवंत आहे!"

"मला नाही ऐकू येत काही," हे म्हणाले.

"तुम्हाला कधी काय ऐकू आलंय? काका, उठा जरा."

काका उठले. मी आणि ह्यांनी मिळून सोफा उलटा केला. मी चिमट्यानं स्टेपल उपटायला लागले. एकेक स्टेपल म्हणजे माझाच पराक्रम, सहजासहजी निघतोय होय! आवाज ऐकून डॉक्टरीणबाई तोंडावरचा मास्क हनुवटीवर ओढत बाहेर आल्या.

"सोफा आजच आला ना? आणि आजच दुरुस्तीला?"

"दुरुस्ती नाही, पाहणी," मी मान वर न करता म्हणाले.

काळं कापड निघालं. मी बॅटरी लावून आत डोकं घातलं. स्प्रिंगा, पट्टे, फोम, आणि गेल्या महिन्यापासून हरवलेली माझी मोजपट्टी. एवढंच. लेंडी नाही, कुरतडलेला कण नाही. पण ठप ठप ठप चालूच होतं. मी डोकं बाहेर काढून वर बघितलं. सुजल्या गालाचे काका भिंतीला टेकून उभे होते आणि आतल्या खोलीच्या दाराकडे बघत भीतीनं टाच आपटत होते. ठप ठप ठप.

"काय शोधताय?" त्यांनी रुमालाआडून विचारलं.

 खोटं बोलायचंही सुचेना. "माझ्या बहिणीचं जनावर हरवलंय. माझ्यामुळे."

काकांनी मान हलवली. डॉक्टरीणबाईंनी एक खुर्ची पुढे केली. मला बसायचं नव्हतं. तळ पुन्हा ठोकला, सोफा सरळ केला, काकांना बसवलं आणि निघाले.   आयुष्यात पहिल्यांदाच माझी खात्री चुकली असं नव्हे, पण पहिल्यांदाच मला ती चुकल्याचं लगेच कळलं होतं.

दुकानात आल्यावर मी खाली बसले. "हात टेकले मी."

ह्यांनी वही माझ्या मांडीवर ठेवली. "आता वाच की."

पहिल्यापासून वाचली. नियम तीन: "लाकूड, प्लास्टिक, रबर, कापड, सगळं कुरतडतात. काच आणि तारेची जाळी सोडून कशातही ठेवायचं नाही. सुधारणा करू नकोस." कप्पाळ माझं! मला किती ओळखते ही बाई. नियम पाच चिमट्यांचा. मग बारावा आला.

"निसटलीच तर (निसटेल, कारण तू वाचणार नाहीस) आधी दुसरीला नीट बंद कर. खोलीची दारं लाव. दाराखालच्या फटी कापडानं बुजव. यंत्रं बंद, पंखा बंद. धावायचं नाही, ओरडायचं नाही, कपाटं ओढायची नाहीत. हरवलेलं जर्बिल पळून मरत नाही, शोधणाऱ्याच्या घाईनं चिरडून मरतं."

तेरावा: "जमिनीवर पीठ भुरभुर. जागोजागी सूर्यफुलाच्या दहा दहा बिया ठेव, मोजून. मग बाहेर ये आणि दोन तास आत पाऊल टाकू नकोस. जिथल्या बिया कमी होतील तिथं ती."

चौदावा: "शेपटीला धरायचं नाही. शेपटीची कातडी सुटून हातात येते, पुन्हा उगवत नाही. पुठ्ठ्याची नळी समोर ठेव. बोगदा दिसला की ती आत शिरतेच. मग दोन्ही टोकांना तळहात लाव."

आणि त्याखाली, क्रमांक न घालता, "छोटे, घाबरू नकोस. त्या लांब जात नाहीत."

ती ओळ मी दोनदा वाचली. मग पदर खोचला आणि उठले. काम कसं करायचं ते कळलं की मला भीती वाटत नाही. फटींत रेक्झिनचे तुकडे कोंबले. शिलाईचं यंत्र बंद, पंखा बंद. गाळणीनं पीठ भुरभुरलं, बारा ठिकाणी दहा दहा बिया मांडल्या, कागदावर खुणा केल्या. दार ओढून घेतलं आणि आतल्या खोलीत जाऊन बसले. दोन तास! मला, जिला चहा उकळेपर्यंत दम निघत नाही! हे दर दहा मिनिटांनी माझ्याकडे बघायचे आणि मी दर दहा मिनिटांनी म्हणायची, "बघू नका असं."

साडेपाचला दार उघडलं. अकरा ठिकाणी दहाच्या दहा. बाराव्या ढिगात तीन बिया. तो ढीग मांडणीजवळचा होता. पिठात बारीक बारीक पावलं उमटली होती आणि पावलांमध्ये शेपटीची एक नाजूक रेघ. ती रेघ रेक्झिनच्या गुंडाळ्यांमागे गेली होती.

मला कळलं. गुंडाळ्या बाजूला करायच्या आधीच कळलं.

चादरीला भोक पडलेलं होतं. मी अगदी सावकाश, हरेक गाठ हलक्या हातानं सोडली. बाबांची बैठक. एक कोपरा कुरतडून काथ्याचा भुगा केलेला. आणि खळग्यात, डावीकडे, जिथं तो जास्त खोल होता तिथं, काथ्याच्या धाग्यांचं घरटं करून वजाबाकी अंगाचा गोळा करून झोपली होती. पोट वरखाली होत होतं.

तिथंच मला रडू फुटलं. आवाज न करता रडले, बारावा नियम होता.

कापडाच्या गुंडाळ्यांच्या पुठ्ठ्याच्या नळ्या आमच्याकडे ढिगानं असतात. एक तिच्यापुढे टेकवली. तिनं डोळे उघडले, नाक हलवलं, माझ्याकडे बघितलं, आणि कुणी आमंत्रण दिल्यासारखी नळीत शिरली. दोन्ही टोकांना तळहात. आत पावलं टुकटुकत होती. पेटीत नळी ठेवली. वीस तास झाले होते. वजाबाकी बाहेर आली. बेरीज धावत आली, नाकाला नाक लावलं, कान हुंगले, मान हुंगली. एक क्षण दोघी गोठल्यासारख्या थांबल्या. मग बेरीज तिचं डोकं चाटायला लागली. जीव भांड्यात पडला. चिमटे मी चारदा तपासले.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास ह्यांनी ताईला टेम्पोतूनच आणलं. कुबड्यांवर टेकत ती दुकानात आली, तशीच पेटीपाशी गेली, दोघींना न्याहाळलं. मग पिठाचे पांढरे डाग बघितले आणि माझ्याकडे वळली.

मी तिला स्टुलावर बसवलं आणि स्वतः उभं राहून सगळं सांगितलं. खोका, मखमल, भोक, सोफा, काका. ताई बोटांवर मोजत होती.

"नियम तीन आणि पाच मोडलेस. बारा, तेरा, चौदा पाळलेस, पण उशिरा. पास." मग म्हणाली, "सापडली कुठं?"

मांडणीमागे, म्हटलं असतं तरी ते खरंच होतं. मी मांडणीपाशी गेले आणि गाठोडं आणून तिच्यापुढे ठेवलं. चादर बाजूला केली.

 ताईला वाकता येत नव्हतं तरी ती वाकली आणि खळग्यात तळहात ठेवला. डावीकडे.

"कचऱ्यात टाकली म्हणाली होतीस."

"खोटं बोलले. रागावले होते."

"नऊ वर्षं?"

"नऊ वर्षं."

"मी त्या खुर्चीत एकदाही बसले नाही, छोटे. भिंतीकडे तोंड करून ठेवलीय." तिनं कुबडी जमिनीवर आपटली. "मारायला हवं तुला."

"मार," मी म्हटलं. मला खरंच चाललं असतं.

तिनं मारलं नाही. कुरतडलेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. "ही परत बसवता येईल?"

येईल म्हणजे काय! माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. भोकात नवा काथ्या भरते, वर कापसाचा पातळ थर देते, खालून पट्टे बदलते, नवं कापड कोणतं ते मीच बघते. तोंड उघडलं होतं मी. मग मिटलं.

"कशी बसवू?" मी विचारलं. "तू सांग."

ताईनं माझ्याकडे बघितलं, मुलानं पहिल्यांदाच उदाहरण बरोबर सोडवल्यावर बघायची तशी. "वही आण."

मी वही आणली, कोरं पान काढलं, जमिनीवर बसले.

"लिही. एक. खळग्याला हात लावायचा नाही."

लिहिलं.

"दोन. वजाबाकीनं कुरतडलेलं भरायचं नाही. आहे तसं राहू दे."

"अगं, काथ्या बाहेर येईल."

"लिही म्हटलं ना."

लिहिलं.

"तीन." ती थांबली. बेरीज पेटीत भुसा उपसत होती, तेवढा आवाज होता. "झाली की आधी तू बसायचं. मग मी."

मी लिहिलं, आणि खाली लाल पेनानं दोन रेघा मारल्या.